तुमच्या कॉफीत वर्षाला एक रवा!

दिवसाला तीन कप कॉफी आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, हा हिशेब अनेक घरांत चालतो. घरातला साधा चमचा बेताने भरला तरी पाच ग्रॅम साखर उचलतो. म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम आणि वर्षाला जवळजवळ ११ किलो! कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गूळ रव्याच्या हिशेबात विकला जातो. मोठा रवा ३० किलोचा, मग दहाचा, पाचचा, एक किलोचा. तीन कपवाला माणूस वर्षभरात दहा किलोचा एक रवा आणि वर एक किलोचा एक, एवढं गोड नुसत्या कॉफीतून पोटात घालतो. चहा, बिस्किटं, सणावारातली पुरणपोळी यांचा हिशेब वेगळा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली मर्यादा सांगितली ती अशी: दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्यानं वरून घातलेलं गोड ५० ग्रॅमच्या आत ठेवावं, आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आत. या मोजणीत साखरेबरोबर गूळ, मध, काकवी, फळांचा रस सगळं धरलं जातं. आपले तीन कप सकाळ-दुपार-संध्याकाळ मिळून ३० ग्रॅमवर गेले, म्हणजे चांगली मर्यादा कॉफीतच ओलांडून झाली.

म्हणूनच हल्ली जो तो विचारतो, कॉफीत साखरेऐवजी काय घालू? दूध कुठलं घेऊ? ते पाकिटातलं क्रीमर बरं की वाईट? हे प्रश्न कोल्हापूरला विचारण्यात मोठी मौज आहे. इथं उसाचं रान आहे, गुऱ्हाळं आहेत, साखर कारखाने आहेत आणि भल्या पहाटेपासून डेअरीच्या दारात किटल्यांची रांग आहे. कॉफीत पडणाऱ्या दोन्ही गोष्टी, दूध आणि गोड, या जिल्ह्यात तयार होतात. पन्हाळ्याच्या डोंगरात चहा-कॉफी लावून बघण्याचे प्रयोग तर खुद्द राजर्षी शाहू महाराजांनी केले होते. ती लागवड टिकली नाही, पण कपातला बाकीचा ऐवज इथं भरपूर आहे.

धारोष्ण क्रीमर

संध्याकाळी गंगावेशीत जाऊन बघा. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या, मालक समोर धार काढतोय, फेसाळता पेला थेट गिऱ्हाइकाच्या हातात. कोल्हापूरचा दूध कट्टा तो हाच. पिणारे साखर मागत नाहीत, कारण मागायची गरजच पडत नाही. (कॉफीसाठी मात्र दूध उकळूनच घ्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात.)

दुधाची स्वतःची साखर असते. १०० मिलीलिटर दुधात पाच ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज, म्हणजे वजनानं अख्खा एक चमचा! पण लॅक्टोजची गोडी साधारण साखरेच्या पाचव्या हिश्शाएवढीच, त्यामुळे जिभेला ती चटकन कळत नाही. दुधातल्या या साखरेचा समावेश आरोग्य संघटनेच्या त्या २५ ग्रॅमांत होत नाही. तेव्हा दुधाच्या कॉफीत गोड आधीच आहे, आपण घालतो तो वरचा थर.

म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चार. म्हशीच्या दुधाचा पांढराशुभ्र रंगही उगाच आलेला नाही. गाईच्या दुधाला पिवळसर छटा देणारं बीटा-कॅरोटिन म्हशीच्या दुधात जवळजवळ नसतं, कारण म्हैस त्याचं जीवनसत्त्व ‘अ’मध्ये रूपांतर करून टाकते. कॉफीचा रंग थोडक्या दुधात खुलवायचा असेल तर म्हशीचं दूध लई भारी! दुधातलं केसीन हे प्रथिन कॉफीतल्या तुरट घटकांना धरून ठेवतं, आणि स्निग्धांश कडवटपणाची धार बोथट करतो. महागड्या कॅफेत ‘क्रीमी’ म्हणून जे मिळतं, ते इथं गोठ्यातून येतं.

जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, १९६३ साली सुरू झाला. गावोगावच्या संस्थांमध्ये दूध फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) तपासून घेतलं जातं आणि त्यावर दर ठरतो. म्हशीच्या दुधाचा दर बोलताना शेतकरी ‘सहा फॅट, नऊ एसएनएफ’ असा आकडा सहज सांगतो. पिशवी विकत घेणाऱ्या शहरातल्या माणसानं हीच सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पिशवीवर सगळं छापलेलं असतं. फुल क्रीम म्हणजे किमान सहा टक्के फॅट, स्टँडर्डाइज्ड साडेचार, टोन्ड तीन, डबल टोन्ड दीड. तीन कपांत मिळून ३०० मिली दूध जात असेल, तर फुल क्रीममधून १८ ग्रॅम फॅट पोटात जातं आणि टोन्डमधून नऊ. ज्यांना कोलेस्टेरॉल सांभाळायचंय त्यांच्यासाठी हा फरक किरकोळ नाही.

माझं मत विचाराल तर कोल्हापुरात राहून पातळ दुधाची कपभर कॉफी पिण्यापेक्षा दाट दूध कमी घालावं. कॉफी जरा कडक करा, त्यात म्हशीच्या दुधाची छोटी धार सोडा. चव भरते, फॅटचा आकडा आटोक्यात राहतो.

पाकिटातली पांढरी पूड

आता क्रीमर. अमेरिकेत कार्नेशन कंपनीनं १९६१ साली ‘कॉफी-मेट’ बाजारात आणलं आणि दुधाशिवाय कॉफी पांढरी करायची रीत जगभर गेली. फ्रीज नको, नासायची भीती नाही, महिनोन् महिने टिकणार. यात असतं काय? मक्याच्या सायरपची पूड, वनस्पती तेल आणि सोडियम केसीनेट. शेवटचा घटक दुधापासूनच बनवतात! त्यामुळे पाकिटावर ‘नॉन-डेअरी’ असलं तरी दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्यानं आणि प्राणिजन्य काहीच न घेणाऱ्यानं यादी वाचल्याशिवाय ते घेऊ नये.

त्याच यादीत बहुधा डायपोटॅशियम फॉस्फेट सापडेल. नाव भारदस्त, काम साधं: गरम, आंबूस कॉफीत पूड फुटून तिचे कण होऊ नयेत म्हणून ते घालतात. पूड गोळा होऊ नये म्हणून सिलिकॉन डायऑक्साइड. या दोघांची फार भीती बाळगायला नको. बघायचं ते तेल. जुन्या काळी क्रीमरमध्ये अंशतः हायड्रोजनेटेड तेल असे, त्यातून ट्रान्स फॅट येत आणि ट्रान्स फॅट हृदयाला घातक. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं तेल आणि चरबीतल्या औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ च्या जानेवारीपासून तीन टक्के आणि २०२२ च्या जानेवारीपासून दोन टक्के केली. मोठी सुधारणा झाली. तरीही पुडीतला मुख्य माल तेल आणि गोड हाच आहे, आणि दुधातून मिळणारं प्रथिन आणि कॅल्शियम त्यात नावापुरतं.

डेअरी व्हाइटनर ही वेगळी चीज. त्यात खरोखर दुधाची पावडर असते, पण बहुतेक ब्रँडांत साखर आधीच मिसळलेली असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे. साखर दुसऱ्या नंबरावर दिसली, की ओळखा. मग वरून पुन्हा दोन चमचे साखर घालणं म्हणजे एकाच कपात दोनदा गोड.

स्टँडवरच्या नाहीतर ऑफिसातल्या मशीनची कॉफी याहून अवघड. तिथल्या प्रीमिक्समध्ये कॉफी, दूध पावडर, साखर सगळं एकत्र असतं, ‘कमी साखर’ सांगायची सोयच नाही. मशीनवर बिनसाखरेचं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर काळी कॉफी मागा.

तालमीतलं बदामाचं दूध

बदामाचं दूध, ओटचं दूध, सोयाचं दूध असे पर्याय आता कोल्हापूरच्या कॅफेतही मिळतात. बदामाचं पेय शहराला नवं मात्र अजिबात नाही. इथल्या तालमींत पैलवानांच्या खुराकात थंडाई पिढ्यान् पिढ्या आहे: भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, कुंड्यात जोर लावून घोटलेलं. १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं, तेव्हा ‘प्लँट बेस्ड’ हा शब्द कुणाच्या कानावरही नव्हता.

थंडाईत बदाम मूठमूठ पडतात. दुकानातल्या बदामाच्या पेयात मात्र बदामाचं प्रमाण अनेकदा शेकडा दोन-तीनच असतं, उरलेलं बहुतेक पाणी. कॅलरी कमी म्हणून चांगलं, प्रथिनासाठी निरुपयोगी. पाव लिटर म्हशीच्या दुधात नऊ-दहा ग्रॅम प्रथिन मिळतं, त्या पेयात जेमतेम एक-दोन ग्रॅम. दुधाऐवजी हे घेत असाल तर डाळ, उसळ, अंडी यांतून भरपाई करा.

ओटच्या पेयाची गंमत आणखी वेगळी. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधनातून १९९० च्या दशकात ते पुढं आलं. ओटमधला स्टार्च विकरांनी फोडला जातो आणि त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. म्हणून पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ असं असूनही ते गोडसर लागतं. मधुमेह असलेल्यांनी पाकिटामागचा ‘एकूण साखर’ हा आकडा जरूर वाचावा. आणि हो, भारतात या पेयांच्या पाकिटावर ‘दूध’ म्हणता येत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२१ साली तसं बजावलं आहे.

गूळ: जिव्हाळ्याचा विषय

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काचं ठिकाण मिळालं. गुजरात हे आजही या गुळाचं मोठं गिऱ्हाईक. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. शहरात ऊस आणि गुळावर काम करणारं प्रादेशिक संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं.

गुऱ्हाळावर एकदा तरी जाऊन उभं राहावं. चरकातून रस येतो, मोठ्या काहिलीत पडतो, खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं जळत असतात. रसात रानभेंडीचा चिकट रस सोडला की मळी वर तरंगते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. रस आटत आटत ११५ ते ११८ अंशांपर्यंत तापतो. पाक झाला की नाही हे गुळव्या सांगतो, पाण्यात थेंब टाकून गोळी वळून बघतो. त्याची नजर चुकली तर अख्खी काहील बिघडते! मग पाक वाफ्यात ओतायचा, घोटायचा आणि रवे भरायचे. एवढी मेहनत एका खड्यामागं आहे. तो खडा कपात टाकताना आदरच वाटतो.

आणि या आदरापोटीच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कॉफीत साखर काढून तेवढाच गूळ घातला म्हणजे कॉफी ‘औषधी’ झाली, असं होत नाही. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तेवढ्याच गुळात साडेतीनशे ते पावणेचारशे. चमच्यामागं फरक एक-दोन कॅलरींचा. गूळही मुख्यतः सुक्रोजच, सोबत थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. रक्तातली साखर तो जवळपास तसाच वाढवतो. ‘मला शुगर आहे, मी गुळाचा चहा पितो’ असं म्हणणारे काका-मावशी गावोगाव भेटतात, आणि त्यांची काळजी वाटते.

लोहाचं काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम गुळात लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास आहे. चमच्याला म्हणजे पाव मिलिग्रॅमही भरत नाही, आणि प्रौढ बाईची दिवसाची शिफारस २९ मिलिग्रॅम! शिवाय कॉफीतले पॉलिफेनॉल लोह धरून ठेवतात. १९८३ च्या एका अमेरिकी अभ्यासात जेवणासोबत एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहा घेतल्यावर ६४ टक्क्यांनी. तेव्हा लोहासाठी गूळ खायचाच तर कॉफीत विरघळवू नका. शेंगदाण्याबरोबर, लाडवात, चिक्कीत खा आणि कॉफी त्याच्या तासभर आधीच घेऊन टाका.

मग कॉफीत गूळ घालायचा कशासाठी? चवीसाठी! गुळात काकवीचा, भाजलेल्या उसाचा, किंचित खारट असा जो रस उतरतो तो कॉफीच्या भाजक्या चवीशी फार छान जुळतो. पांढऱ्या साखरेला गोडीपलीकडं सांगण्यासारखं काही नसतं. आवडीनं घाला, पण साखरेच्या मापाहून कमी घाला.

खरेदी करताना रंगाच्या मोहात पडू नका. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा म्हणून रसात हायड्रॉस हे रंग उजळवणारं रसायन मारलं जातं, आणि काही ठिकाणी साखर मिसळूनही गूळ केला जातो. तांबूस, गडद, थोडा मऊ गूळ दिसायला साधा असतो, पण कॉफीला चव तोच देतो. ओळखीच्या गुऱ्हाळाचा मिळाला तर फारच उत्तम.

गुळाची कॉफी फाटते का?

फाटते, आणि त्यात दुधाचा दोष नसतो. गूळ थोडा आंबूस, त्यात क्षारही. कॉफी स्वतः आंबूस. दोन्ही उकळत्या दुधात पडले की केसीन गोळा होतं आणि पातेल्यात चोथा-पाणी वेगळं. उपाय क्रमात आहे. गूळ काळ्या कॉफीत आधी पूर्ण विरघळवा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग वेगळं तापवलेलं ताजं दूध ओता. त्यानंतर पुन्हा उकळी काढायची नाही. सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत बाहेर राहिलं असेल तर ही युक्तीही वाचवणार नाही, कारण त्या दुधात आंबटपणा आधीच चढलेला असतो.

काकवी आणि मध

कॅफेतल्या कॅरॅमल सायरपवर पैसे घालण्याआधी काकवीची बाटली आणा. पाक गूळ होण्याआधी काढून घेतला की काकवी. चपातीबरोबर खाणारी घरं इथं पुष्कळ आहेत. थंड कॉफीत ती झटकन मिसळते, खडा फोडायची कटकट नाही. अर्धा चमचा पुरतो, कारण चव दाट आहे.

मधाचा विषय निघाला की भुदरगड तालुक्यातल्या पाटगावचं नाव घ्यावं लागतं. महाबळेश्वरजवळचं मांघर हे २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं आणि त्यापाठोपाठ पाटगाव. जंगलातल्या फुलांचा हा मध सुरेखच, पण तो उकळत्या कॉफीत का घालायचा? आयुर्वेदानं मध तापवू नये असं सांगितलं आहे, आणि उष्णतेनं त्यातली विकरं नि सुगंध जातो हे प्रयोगशाळाही सांगते. मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखरच असते. चमच्यात मध साखरेपेक्षा जड भरतो, सात ग्रॅम, म्हणून एक चमचा मध २० कॅलरींच्या वरच जातो. पाटगावचा मध चाटून खा, कॉफीत दवडू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटही लावू नका, त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो.

बोट चाटलं आणि गोडी सापडली

बिनकॅलरीच्या गोळ्यांचा इतिहास म्हणजे प्रयोगशाळेतल्या घोटाळ्यांची मालिका. १८७९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना जेवताना हाताला गोड चव लागली, कारण हातावर प्रयोगातलं रसायन राहिलं होतं. ते सॅकरिन. १९६५ साली जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलायला बोट चाटलं आणि ॲस्पार्टेम हाती लागलं.

सगळ्यात रंगतदार कथा आपल्या नावाची आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक प्रा. लेस्ली हफ यांच्याकडं साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून बघत होते. एक पदार्थ तपासायला सांगितला गेला, फडणीसांना ऐकू आलं ‘चाखून बघ’. त्यांनी कणभर जिभेवर ठेवला. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड! तो सुक्रालोज. पुढं हफ यांनी तो आपल्या कॉफीत घालून घेतला, क्लोरीनची भीती फडणीसांनी बोलून दाखवली तरी ते हसत प्यायले, अशी आठवण फडणीसांनी सांगितली आहे. आज जगभर कॉफीत पडणाऱ्या पुड्यांत हा पदार्थ असतो. प्रयोगशाळेतलं काही चाखून बघायचं नसतं, हा नियम मात्र आजही पक्का आहे.

कॉफीसाठी उपयोगाची माहिती: ॲस्पार्टेम जास्त वेळ उकळलं की त्याची गोडी उतरते, म्हणून ते कपात वरून घालावं. सुक्रालोज उष्णता सोसतं. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना ॲस्पार्टेम वर्ज्य. स्टीव्हिया ही पॅराग्वेतली वनस्पती, तिथले ग्वारानी लोक तिच्या पानांनी पेय गोड करत आले आहेत. पानातला शुद्ध केलेला घटक साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो, आणि भारतात २०१५ पासून त्याला मान्यता आहे. मागून येणारी कडसर चव कॉफीत बरीचशी झाकली जाते, चहात जास्त जाणवते.

हे सुरक्षित का? २०२३ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ॲस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि घबराट झाली. त्याच वेळी अन्नातल्या रसायनांची मर्यादा ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीनं जुनी मर्यादा कायम ठेवली: वजनाच्या दर किलोमागं दिवसाला ४० मिलिग्रॅम. कपात एखाददुसरी गोळी घालणारा त्या मर्यादेच्या खूप अलीकडं असतो. त्याआधी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: वजन कमी ठेवण्यासाठी या गोळ्यांवर विसंबू नका, लांब पल्ल्यात त्यांचा फायदा दिसत नाही. ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. त्यांच्यासाठी साखरेऐवजी गोळी हा कामाचा पर्याय राहतो, डॉक्टरांना विचारून.

न घालता गोड

अतिगरम कॉफीत गोडी दबते. जिभेवरची गोड ओळखणारी यंत्रणा तापमानाप्रमाणे कमीजास्त चालते. कॉफी पाच मिनिटं निवू द्या, तीच कॉफी जास्त गोड लागेल. कडू फार वाटत असेल तर मिठाचे चार कण टाका. सोडियम कडवटपणा दाबतं आणि मागं लपलेली गोडी पुढं येते.

चिकोरी ही भाजलेली मुळी, तिच्यात कॅफिन नाही आणि चव कॅरॅमलसारखी गोडसर. भारतीय नियमानं कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, म्हणजे पाकिटात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. साखर कमी करताना चिकोरीवालं मिश्रण सुरुवातीला फार मदत करतं. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं.

आणि कमी करणं जमतं! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांनी तीन महिने गोड बरंच घटवलं, तेव्हा तीच खीर त्यांना आधीपेक्षा जास्त गोड लागू लागली. जीभ शिकते. एकदम बंद केलं की चिडचिड होते आणि चार दिवसांत गाडी मूळ पदावर. दोनचा पावणेदोन चमचा करा, पंधरा दिवसांनी दीड. घरात सगळ्यांसाठी एकत्र उकळत असाल तर साखर पातेल्यात घालणं थांबवा आणि ज्याची त्यानं कपात घ्यावी. सासूबाईंना बिनसाखरेची, नातवाला अर्धा चमचा, हे मग आपोआप होतं.

आता आपल्या मराठी घरातली जायफळाची कॉफी, या सगळ्यावरची माझी आवडती. जायफळाचा वास आला की जिभेला बासुंदी आणि श्रीखंड आठवतं, म्हणून थोडक्या गोडातही ती भरलेली लागते. दोन कपांसाठी कपभर पाण्यात दोन चमचे चिकोरी मिश्रणाची कॉफी उकळा, पाच मिनिटं झाकून ठेवा, गाळा. त्यात चमचाभर गडद गूळ विरघळवा. दुसरीकडं कपभर म्हशीचं दूध उकळून घ्या, साय काढून ठेवा. कॉफी जरा निवली की दूध उंचावरून ओता, फेस येऊ द्या. वरून जायफळ किसणीवर दोनदा घासा, फक्त दोनदा. जायफळ जास्त झालं तर गुंगी येते, मळमळतं, आणि कॉफीची चवही झाकून जाते.